तिकीट माझ्याकडून

आमच्या नाट्यगृहात रंगमंचाच्या डाव्या अंगाला, विंगेच्या टोकाशी, एक खुर्ची आहे. तिची पाठ नटांकडे असते आणि तोंड प्रेक्षकांकडे. नव्या नाटकाचे चाचणी प्रयोग सुरू झाले की संहिता लिहिणाऱ्याने त्या खुर्चीवर बसावे आणि प्रयोग संपेपर्यंत मागे वळून पाहू नये, असा इथला जुना दंडक आहे. लेखकाला आपले वाक्य ऐकू येते. ते कुठे जाऊन पडले, हे समोरच्या चेहऱ्यांवर दिसते. काळ्या कापडाआड बसलेला लेखक मात्र कुणाला दिसत नाही. मी नाट्येतिहासाची प्राध्यापक. टाळीचा उगम आणि दरबारात हसण्याची जबाबदारी कुणावर असे, या विषयांवर मी दोन जाडजूड ग्रंथ लिहिले आहेत. ते शेवटपर्यंत वाचलेले सगळे लोक एका लिफ्टमध्ये मावतील. प्रेक्षक हा माझ्या अभ्यासाचा प्राणी. तो मला कधी आवडला होता असे मी म्हणणार नाही.

नाटक होते युद्धात एकमेकांच्या प्रेमात पडलेल्या दोन सैनिकांचे. संगीत नाटक. जाहिरातीत त्याला प्रेमकथा म्हटले होते आणि ती होतीही. पण मी ते पहिल्या ओळीपासून एका माणसाविरुद्ध लिहिले होते, आणि पहिल्या चाचणी प्रयोगाला तो माणूस पहिल्या रांगेच्या मधोमध बसला होता.

बाकीच्यांबद्दल आधी सांगते, कारण त्यांना बाजूला सारल्याशिवाय त्याच्यापर्यंत पोहोचता येणार नाही. दोघे नायक पहिल्यांदा एकमेकांचा हात धरतात तिथे गाणे नाही. फक्त अकॉर्डियनचा एक सूर लांबत जातो. त्या सुराखाली कुणीतरी खोकले, आणि मग सभागृहभर लोकांना आपापल्या घशाची आठवण झाली. चौथ्या रांगेतल्या एका गृहस्थांना चुंबनाच्या क्षणी बुटाची नाडी बांधावीशी वाटली. दुसऱ्या चुंबनाला ते पुन्हा वाकले. मध्यंतरात मी मुद्दाम पाहिले, त्यांच्या बुटांना नाड्याच नव्हत्या. एक बाई कॉफीच्या रांगेत नवऱ्याला सांगत होत्या की गाणी फार गोड आहेत, तेवढे एक सोडले तर. तेवढे एक म्हणजे नाटक. एका जाणत्या समीक्षकांनी विषय संयतपणे हाताळल्याबद्दल माझे अभिनंदन केले. प्रेमाला निखाऱ्यासारखे चिमट्याने धरून लांबून दाखवले की आमच्याकडे त्याला संयम म्हणतात. माझे कुठेतरी चुकले आहे, हे मला तेव्हा कळले. शेवटून दुसऱ्या रांगेत दोन तरुण बसले होते, एकमेकांकडे न बघता, दोन खुर्च्यांमधल्या हातावर एकाच वेळी दोघांचेही कोपर येणार नाही अशी काळजी घेत. दुसऱ्या अंकात त्यातला एक रडला आणि दुसऱ्याने समोर बघतच त्याच्या मांडीवर रुमाल ठेवला. त्या दोघांसाठी मी लिहिले नव्हते. तरी ते त्यांना मिळाले.

आता पहिली रांग. तिथे आमच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष बसले होते. वय ऐंशीच्या पुढचे, पाठ ताठ, माजी सैनिकी अधिकारी आणि शहरातले सर्वांत लाडके म्हातारे. प्रत्येक पुरुषाला ते 'राजा' म्हणत आणि प्रत्येक बाईची तब्येत विचारत. त्यांना एकच वाईट खोड होती: दुसऱ्याचा विनोद ते पुरा होऊ देत नसत. सांगणारा शेवटच्या वाक्यासाठी श्वास घ्यायला थांबला रे थांबला की अध्यक्ष ते वाक्य स्वतःच म्हणून मोकळे होत, आणि लोक दुप्पट हसत. उद्घाटनाच्या प्रयोगाला तिसरी घंटा देण्याचा मानही त्यांचाच. हा माणूस कुणाला नावडतो असे म्हणायचीही चोरी होती.

माझ्या मामाचे चष्म्याचे दुकान आहे. काचा घासण्याचे काम तो अजून स्वतः करतो. समोरची खुर्ची, भिंतीवर अक्षरांचा तक्ता, मागे घासणीचे चाक. लहानपणी मला वाटे की मामाला आम्ही आवडत नाही. घरात सगळी मंडळी जमली, कुणी काही बोलले आणि सगळे एकदम हसले की मामा उठून बाहेर जाई. एकटा माणूस हसला तर त्याला चाले. अनेकजण मिळून हसले की त्याला बसवत नसे. आई म्हणायची, तो युद्धावरून तसाच आला, त्याला बोलू नका. कुणी बोलले नाही. आमच्या कुटुंबात न बोलण्याला समजूतदारपणा म्हणण्याची पद्धत आहे.

मागल्या वर्षी मी दुकानात बसले असताना अध्यक्ष आले. त्यांच्या एका डोळ्याच्या काचेचे गणित अवघड आहे आणि ते मामालाच जमते, म्हणून वर्षानुवर्षे ते इथेच येत. फ्रेम हलकी कर राजा, असे त्यांनी सांगितले, मामाच्या खांद्यावर थाप मारली, जुना चष्मा काढून त्यावर तोंडाची वाफ सोडली आणि टायच्या टोकाने पुसला. टायने पुसू नका, काच ओरखडते, असे मामा म्हणाला. ते गेले. मामाने दाराला कडी घातली. घासणीचे चाक बंद करायचे तो विसरला, आणि त्या घरघरीत त्याने मला सांगितले की या माणसाने त्याला ओळखलेले नाही. पहिल्या दिवशीही नाही, आजही नाही.

मामा सैन्याच्या करमणूक पथकात अकॉर्डियन वाजवत असे. पथकात बायका नव्हत्या. बायकांची कामे एक शिंपी करायचा. मामा त्याला नावाने कधी हाक मारत नाही, 'आमचा शिंपी' एवढेच म्हणतो. तो स्वतःचे झगे स्वतः शिवायचा आणि गळा असा की आघाडीवरून परतलेली माणसे पहिल्या कडव्याला जेवण थांबवायची. एका संध्याकाळी सामानाच्या तंबूत मामाला आणि शिंप्याला एकमेकांच्या मिठीत पाहिले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅप्टनने सगळी तुकडी जमवली, शिंप्याला झगा आणि केसांचा टोप चढवायला लावून त्याचे प्रेमगीत म्हणायला सांगितले, आणि मामाला पुढे बसवून सर्वांना हसण्याचा हुकूम दिला. तुकडी हसली. त्याच दुपारी शिंप्याला तारांचे भेंडोळे घेऊन सर्वांत पुढच्या चौकीवर पाठवले. तिथून तो आला नाही. मामाची बदली झाली. कॅप्टन पुढे मोठा झाला, निवृत्त झाला आणि नाटकांचा आश्रयदाता झाला.

"तो नेमकं काय म्हणाला तेव्हा?" मी विचारले होते.

"ते जाऊ दे," मामा म्हणाला आणि चाक बंद केले.

म्हणून ते वाक्य मी माझ्या मनाने लिहिले. तिथेच मी घसरले.

मला हवे होते एवढेच: भर सभागृहात त्या माणसाला आपला चेहरा दिसावा, आणि तो त्याला दिसताना इतरांनी पाहावा. गुन्हेगाराला नाटक दाखवून पकडण्याची युक्ती इतकी जुनी आहे की ती वापरताना मला थोडी लाजच वाटली. माझा कॅप्टन उंच होता, त्याचे बूट वाजत, त्याला तलवारकट मिशी होती आणि तो गर्जून बोले. हुकमाचा प्रसंग आला. शिंप्याचे गाणे संपले, माझ्या मागे कॅप्टन ओरडला, आणि माझ्यासमोर पहिल्या रांगेत अध्यक्ष रडले. हातचे काही न राखता रडले. चष्मा काढला, वाफ सोडली, टायने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा रडले. शेवटी टाळ्यांना सर्वांत आधी तेच उभे राहिले आणि त्यांच्यामागे अख्खे सभागृह उभे राहिले.

नंतरच्या चर्चेत ते बोलले. असले अधिकारी होते, राजांनो, म्हणाले. एक तर माझ्या ओळखीचाच होता, माणूस म्हणायच्या लायकीचा नव्हता. नाड्या नसलेल्या बुटांच्या गृहस्थांनी मान डोलावली. मग माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन अध्यक्ष हळूच म्हणाले, "त्या पोरांसाठी कुणीतरी उभं राहायला हवं होतं गं."

ते खोटे बोलत नव्हते. इतकी वर्षे प्रेक्षकांचा अभ्यास करून ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती: तिकिटाबरोबर प्रत्येकजण पीडिताची जागा विकत घेतो. मिशीवाला, बूट वाजवणारा, गर्जणारा कॅप्टन हा सभागृहात बसलेल्या कुणाचाच आरसा नव्हता. मी त्या माणसाला पकडायला गेले आणि त्याला निर्दोष सोडून आले, वर त्याच्या डोळ्यांतले पाणी पुसायला नाटकाचा पडदा दिला. त्या रात्री मला झोप लागली. माझा राग विझत नाही, थंड होतो, आणि तो थंड झाला की मला चांगली झोप लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात गेले. मामा एका शाळकरी मुलीच्या चष्म्याची काडी वाकवत होता. ती गेल्यावर मी त्याला सगळे सांगितले. रडणे, टाळ्या, हात हातांत घेणे. तो ऐकत होता आणि मधूनमधून फडक्याने एकच काच पुसत होता.

"तुझा कॅप्टन ओरडतो कशाला, पंडितबाई?" तो म्हणाला. तो मला लहानपणापासून पंडितबाईच म्हणतो. आधी चिडवण्यासाठी, आता सवयीने. "तो कधी ओरडला नाही. ओरडणारे होते आमच्यात, त्यांना कुणी भीत नव्हतं. हा गोड होता. आम्हांला आवडायचा. शिंप्याला तर फार आवडायचा. त्याच्या फाटलेल्या कोटाला शिंप्यानं अस्तर लावून दिलं होतं."

"मग काय म्हणाला तो? आता तरी सांग."

मामाने फडके खाली ठेवले. "गाणं संपलं. शिंपी तसाच उभा, टोप जरा तिरका झालेला. सगळे गप्प. कुणाला कळेना काय करायचं. ह्यानं चष्मा काढला, पुसला, घातला. हसला. म्हणाला, 'अरे, नवरदेव कुठेय? त्याला पहिल्या रांगेत बसवा. तिकीट माझ्याकडून.' आणि मग म्हणाला, 'हसा.' तेसुद्धा हळूच. जसं काही जेवायला बसा म्हणतोय."

माझ्या हातात तेव्हा त्या शाळकरी मुलीच्या चष्म्याची रिकामी पेटी होती. ती मी फार सावकाश टेबलावर ठेवली, कारण ते वाक्य मला पाठ होते. मलाच काय, नाट्यगृहाशी संबंध आलेल्या प्रत्येकाला पाठ होते. अध्यक्ष ते प्रत्येक लग्नात म्हणत. नव्याने लग्न झालेला नट तालमीला आला की म्हणत. स्वतःच्या मुलाच्या लग्नात म्हणाल्याचे तर त्यांच्या सूनबाईच कौतुकाने सांगत. तो त्यांचा ठेवणीतला विनोद होता, आणि ते वाक्य संपायच्या आत लोक हसायला लागत. तो विनोद तो माणूस विसरला नव्हता. त्याने फक्त ज्याच्यावर केला त्याला विसरून टाकले होते आणि विनोद तेवढा वापरायला ठेवला होता.

मी हे मामाला सांगितले. त्याला ते माहीत नव्हते. तो लग्नांना जात नाही. त्याने फडके उचलून तीच काच पुन्हा पुसायला घेतली.

"तुला काय हवंय?" त्याने शेवटी विचारले.

"त्याला कळायला हवं."

"त्याला कळून मला काय मिळणार?"

पुस्तकांत सूडावर भरपूर लिहिलेले आहे, पण ते सगळे सूड घेणाऱ्याबद्दल. ज्याच्या नावाने घ्यायचा त्याला कुणी विचारलेले नाही. मी उठले तसा मामा म्हणाला, "शेवटच्या रांगेत, दाराजवळची खुर्ची मिळेल का? लोक हसायला लागले तर मला उठता यायला हवं."

उद्घाटनाला थोडेच दिवस होते. कॅप्टनचे काम करणारा नट गेली कित्येक वर्षे खलनायकच करत आला होता आणि त्या मिशीवर त्याचा फार जीव. तालमीत सगळे त्याला 'मिशी'च म्हणत. मी दिग्दर्शिकेला सांगितले की मिशी काढायची, बूट काढायचे, ओरडणे काढून टाकायचे. कॅप्टनला नाटकातले सगळे चांगले विनोद द्यायचे. त्याने सगळ्यांना 'राजा' म्हणायचे, जखमी माणसांच्या आईची चौकशी करायची, शिंप्याच्या गाण्याला सर्वांत आधी टाळी द्यायची. चष्मा घालायचा, आणि तो पुसायचा असा, टायच्या टोकाने.

"प्रेक्षक त्याच्या प्रेमात पडतील," दिग्दर्शिका म्हणाली.

"पडू देत."

"मग प्रेमकथेचं काय?"

मी म्हटले की प्रेमकथा आहे तशीच राहील, फक्त आता लोकांना ती कुणाच्या बाजूने बघायची हे ठरवावे लागेल. ती मूर्ख बाई नव्हती. अध्यक्षांना टायने चष्मा पुसताना तिनेही पाहिले होते. तिने काही विचारले नाही, आणि मला वाटते की तिच्याकडेही एखादा मामा असावा.

मिशी गेलेल्या मिशीला मी एवढेच सांगितले की हुकमाच्या प्रसंगात 'अरे, नवरदेव कुठेय?' म्हणून थांब. चष्मा काढ, वाफ सोड, पूस, घाल. मग पुढचे वाक्य म्हण. तो म्हणाला, एवढा वेळ थांबलो तर प्रेक्षकांना वाटेल मी संवाद विसरलो. मी म्हटले, वाटू दे. कुणी मध्ये बोलले तर ते वाक्य तू म्हणू नकोस, सरळ 'हसा' म्हण. कोण बोलणार मध्ये, त्याने विचारले. मी म्हटले, प्रेक्षकांचा काय भरवसा.

उद्घाटनाच्या प्रयोगाला त्या खुर्चीवर बसण्याचे बंधन नसते. लेखक सभागृहात, नातेवाइकांत, नवे कपडे घालून बसतो. मी काळ्या कापडाआड जाऊन बसले. अध्यक्षांनी तिसरी घंटा दिली, हात जोडले, पहिल्या रांगेच्या मध्यावर जाऊन बसले. शेजारी त्यांचा मुलगा आणि सूनबाई. त्यांच्यामागे विश्वस्त, समीक्षक, शहरातली निम्मी लग्ने. अगदी मागे, बाहेर जाण्याच्या दिव्याच्या हिरव्या उजेडात, मामा. कोट अंगात ठेवूनच बसला होता, निघायच्या तयारीने.

पहिल्याच प्रवेशात कॅप्टनने सभागृह खिशात टाकले. त्याच्या पहिल्या विनोदाला लोक हसले आणि मी मागच्या दाराकडे पाहिले. मामा उठला होता. कॅप्टनचा आवाज पुन्हा आला, आणि मामा उभाच राहिला, एक हात दारावर ठेवून. मग बसला. दुसऱ्या विनोदाला तो उठला नाही. खोकणारे त्या दिवशी खोकले नाहीत, कारण दोघांच्या प्रत्येक जवळिकीनंतर कॅप्टन काहीतरी गोड बोलून त्यांची सुटका करत होता. सज्जन प्रेक्षकाला हेच लागते: प्रेम बघायला मिळावे आणि त्याच्यावर हलकेच हसायलाही मिळावे. अध्यक्ष मांडीवर थाप मारून हसत होते. एकदा तर त्यांनी मुलाच्या कानाशी लागून सांगितले, आणि मला ते स्पष्ट ऐकू आले, की हा कॅप्टन अगदी खरा आहे, असेच असायचे आमच्या वेळी.

दुसऱ्या अंकात तंबू आला. मिठी आली. पुन्हा सकाळ झाली आणि तुकडी जमली. माझ्या पाठीमागे शिंप्याचे गाणे सुरू झाले. ते मामानेच बांधलेले आहे. शब्द शिंप्याचे, चाल मामाची, आणि ते त्याने कधी कुणाला म्हणून दाखवले नव्हते, संगीत दिग्दर्शकाला अकॉर्डियनवर वाजवून दाखवले होते, दार लावून. त्या गाण्यात फक्त एवढेच आहे की तुझ्या कोटाला आतून माझ्या हाताची शिवण आहे, ती कुणाला दिसत नाही, तुला थंडी वाजत नाही. सभागृहात कुणी हलत नव्हते. गाणे संपले.

"अरे, नवरदेव कुठेय?" माझ्या मागे कॅप्टन म्हणाला. अगदी हळू. गोड.

आणि थांबला.

मला मागे वळून बघायचे नव्हते. वाफ सोडल्याचा आवाज आला. लोकांच्या चेहऱ्यांवर हसू तयार होते, पहिल्या अंकापासून त्यांना त्याची सवय लावली होती. पण ते कुठे ठेवावे हे त्यांना कळत नव्हते. अध्यक्षांना कळत होते. मी त्यांचा चेहरा बघत होते. आधी त्यावर ओळखीचा आनंद आला, जसा स्वतःचे गाणे दुसऱ्याच्या घरातून ऐकू आल्यावर यावा. मग अधीरता. कॅप्टन चष्मा पुसतच होता. अध्यक्षांचे ओठ हलले. ते जरा पुढे वाकले आणि त्यांच्या त्या खणखणीत, लग्नांत गाजलेल्या आवाजात म्हणाले:

"त्याला पहिल्या रांगेत बसवा, राजा. तिकीट माझ्याकडून."

त्यांच्या मागच्या दोनतीन रांगा खुदकन हसल्या. सवयीने, प्रेमाने, आपला म्हातारा काय मिश्किल म्हणून. ते हसू पुरते बाहेर पडलेही नव्हते, तेवढ्यात कॅप्टनने चष्मा घातला आणि म्हणाला, "हसा."

हसू तिथल्या तिथे मेले. माझ्या दोन्ही ग्रंथांत अशी शांतता नाही. ती कशी लिहावी हे मला अजून कळलेले नाही. एकेका चेहऱ्यावर ते उजाडत गेले. विश्वस्तांनी एकमेकांकडे पाहिले नाही. समीक्षकांनी खाली पाहिले. सूनबाई सावकाश सासऱ्याकडे वळल्या आणि बोलल्या ते कुजबुजीपेक्षा मोठे नव्हते, पण त्या शांततेत सर्वांना ऐकू गेले.

"बाबा, हे तुम्ही आमच्या लग्नात म्हणाला होतात."

अध्यक्षांनी सुनेकडे पाहिले, मग रंगमंचाकडे. तिथे झगा घातलेला एक मुलगा उभा होता, टोप जरा तिरका. त्यांनी चष्मा काढला. वाफ सोडली नाही. नुसता हातात धरला, आणि मग तो हातातून सुटला.

तेव्हा मागून हसण्याचा आवाज आला.

एकच माणूस हसत होता. हिरव्या दिव्याखाली मामा उभा होता, कोटात, दोन्ही हात लोंबते, आणि हसत होता. ते हसू मी आयुष्यात ऐकले नव्हते. त्यात आनंद होता असे मी म्हणणार नाही आणि दुःख होते असे तर मुळीच नाही. हुकूम दिला गेला होता तेव्हा जे त्याच्याकडून निघाले नव्हते, तेच आज त्याने आपल्या वेळेला, आपल्या मर्जीने काढले, आणि पुरते काढून होईपर्यंत थांबला नाही. कुणी त्याच्यासोबत हसले नाही. शेवटून दुसऱ्या रांगेत ते दोन तरुण पुन्हा आले होते. ते मागे वळून त्याच्याकडे बघत होते आणि एकाने दुसऱ्याचा हात उघड धरला होता. अध्यक्षही वळले. चष्म्याशिवाय त्यांना शेवटची रांग दिसत नाही, हे मामाला आणि मला ठाऊक होते. ते बराच वेळ त्या आवाजाच्या दिशेने बघत राहिले.

नाटक पुढे चालू राहिले. नटांचा तो धर्मच आहे. शेवटी सभागृह उभे राहिले आणि पहिल्या रांगेत एक माणूस बसून होता. उठता उठता कुणाच्या तरी पायाखाली तो चष्मा आला. कुणाच्या, ते मला दिसले आणि मी ते सांगणार नाही.

पुढच्या काळात अध्यक्षांनी प्रकृतीच्या कारणावरून पद सोडले. त्यांच्यासारखेच लाडके असलेले आणखी कुणीतरी आता तिसरी घंटा देते. प्रेक्षकांनी आपले आपण ठरवून टाकले की तो योगायोग होता, आणि त्याच योगायोगासाठी नाटकाची तिकिटे मिळेनाशी झाली. गाण्यांना गोड म्हणणाऱ्या बाई पुन्हा येऊन गेल्या. या वेळी त्यांनी काही सोडले नाही, बहुधा काय सोडावे हे न सुचल्यामुळे.

चष्मा दुकानात आला तो ड्रायव्हरच्या हातून, रुमालात बांधून. एक काच फुटलेली, दुसरीला तडा, काडी मोडलेली. मामाने तो पाहिला आणि रुमालासकट परत दिला. साहेबांना स्वतः यायला सांगा, म्हणाला, समोर बसवून मापं घेतल्याशिवाय ही काच होत नाही. ते खरेही होते. ड्रायव्हर दोनदा येऊन गेला. शहरात दुसरी दुकाने आहेत. त्यांनी बहुधा तिथेही पाठवले असावे, आणि ती काच बहुधा कुणाला जमली नसावी.

ते आले तेव्हा मी तिथे होते. मी तेव्हा रोजच तिथे असे. हे मी नाकारत नाही. मुलाने त्यांना धरून आत आणले आणि तो बाहेर गाडीत जाऊन बसला. त्यांनी कुणाला राजा म्हटले नाही. त्यांना काही नीट दिसत नव्हते, म्हणून हाताने चाचपत ते समोरच्या खुर्चीवर बसले. मामाने तपासणीची जड फ्रेम त्यांच्या नाकावर चढवली, एक काच घातली, काढली, दुसरी घातली. भिंतीवरची अक्षरे विचारली. त्यांनी ती पुटपुटत वाचली. घासणीचे चाक बंद होते.

मग मामाने शेवटची काच बसवली आणि खुर्ची पुढे ओढून त्यांच्यासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल असा बसला. बुबुळांमधले अंतर असेच मोजतात. हातात पट्टी घेऊन.

"आता स्वच्छ दिसेल," तो म्हणाला. "माझ्याकडे बघा, कॅप्टनसाहेब."

ते त्याच्या कोटाकडे बघत होते. कोटाच्या गुंडीकडे. मग स्वतःच्या हातांकडे.

मामाने पट्टी तशीच धरली होती. त्याला कसली घाई नव्हती, आणि दाराबाहेर दुसरे गिऱ्हाईक नव्हते.

"वर बघा," तो म्हणाला.